मॅडम, मला मुद्दे द्या

ताई पहिल्यांदा आल्या त्या वही घेऊनच. दोनशे पानी, वर शाळेतल्या पोरांसारखं खाकी कव्हर. समोर बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मला मुद्दे द्या. भिशीत बायका धर्माचं काढत्यात आणि माझं तोंडच बंद हुतंय."

मी कोल्हापुरात समुपदेशन करते. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत माणसं रडायला येतात, नवऱ्याला समज द्या म्हणून येतात, कुठल्यातरी कागदावर 'नुसती सही करा' म्हणूनही येतात. मुद्दे उतरून घ्यायला आलेल्या या पहिल्याच. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय. नावाऐवजी ताई म्हणते.

मुलगी बेंगळुरूला नोकरीला. दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाचे डबे भरता भरता तिनं आईला सांगितलं, की जिच्यासोबत राहते ती रूममेट नाही आणि दोघींना चार माणसांत एकमेकींना हार घालायचेत. ताईंनी ते नवऱ्याला सांगितलं. नवरा चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "दोघीतल्या एकीला तरी भाकरी येती का?" घरातला विषय तिथं बऱ्यापैकी मिटला. (सगळ्याच घरांत असा मिटत नाही. मार खाऊन आलेली, घराबाहेर काढलेली पोरंही याच खुर्चीत बसून गेलीत.)

अडलं होतं ते भिशीत. सहा जणी, एकवीस वर्षं, महिन्याला दोन हजार. मुलीचं कुणालाच माहीत नाही. 2025 च्या जानेवारीत थायलंडमध्ये अशी लग्नं कायदेशीर झाली, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि उत्तरेश्वर पेठेतली मैत्रीण म्हणाली, "हे आपल्या धर्मात बसत न्हाई." तेव्हापासून दर महिन्याला पोह्यांची बशी फिरली की हा विषय निघायचाच.

'मित्र धर्माचं काढतात, मी काय बोलू?' हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. कधी भाऊ विचारतो, कधी बहीण, कधी तो मुलगा स्वतःच, 'एका मित्राबद्दल विचारतोय' असं म्हणत. इतक्यांदा ऐकूनही ताईंच्या बाबतीत मी चुकले. मी खरंच मुद्दे दिले.

वाचनाची खाज, दुसरं काय. विष्णूच्या मोहिनी रूपाची गोष्ट सांगितली. पुरुषानं पुरुषाशी संग केला तर कपड्यांसकट अंघोळ, असं प्रायश्चित्त मनुस्मृतीत एके ठिकाणी आहे, आणि बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या बाईशी संग करणाऱ्यालाही त्याच श्लोकात तीच अंघोळ आहे, हे सांगितलं. त्याच ग्रंथात दुसरीकडे यापेक्षा कडक शिक्षा आहेत, बायकांसाठी तर फारच, तेही सांगितलं. अर्धं सांगून माणसाला वादात पाठवू नये. शेवटी कोल्हापूरकरांचा हुकमाचा एक्का, वेदोक्त. 1899 मध्ये पंचगंगेच्या काठावर शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहित तयार नव्हता, कारण त्याच्या शास्त्रात ते बसत नव्हतं. खुद्द छत्रपतींना जे ऐकावं लागलं, ते तुमच्या पोरीला ऐकावं लागलं तर नवल काय, असं मी बरंच रंगवून बोलले. ताईंनी अडीच पानं भरली.

पुढच्या महिन्यात आल्या त्या चेहरा पाडूनच. "मी गेलो, बसलो, सगळं बोललो आणि हरून आलो." (आमच्याकडे बायका गेलो-आलोच म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.)

मोहिनीवर उत्तर आलं, "देवाचं देवाला शोभतंय." मनुस्मृतीवर, "ती कोण मानतंय आता?" आणि हे म्हणणारी तीच, जी पाच मिनिटांपूर्वी शास्त्र काढत होती. शाहू महाराजांचं नाव निघाल्यावर सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या आणि गाडी जिथल्या तिथं. सगळ्यात वाईट झालं ते हेरवाडचं. तो मुद्दा माझा नव्हता, ताईंनी वाटेत स्वतःच काढलेला. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 च्या मे महिन्यात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं तो राज्यभर कळवला. भिशीतली शिवाजी पेठेतली मैत्रीण विधवा आहे, टिकली लावते. ताई तिच्याकडे हात करून म्हणाल्या, "हे तरी कुठं बसत हुतं धर्मात?" ती उठून आत गेली. ताई मागोमाग गेल्या, तर ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "माझा नवरा मेलाय गं. तुझ्या वादात त्याला कशाला ओढतीस?"

मुद्दा म्हणून बिनचूक होता. पण दुसऱ्याचं दुखणं दाखला म्हणून वापरण्याआधी त्याला विचारावं लागतं, हे मी ताईंना आधी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत वही मिटवायला लावली आणि एकेक मैत्रीण विचारली. उत्तरेश्वरातल्या बाईचं घर कसं? मुलगा तेहतीसचा, शेती आहे, चार वर्षं स्थळं बघतायत, मुलगी मिळत नाही. 'पोरी पोरींशीच लग्न करायला लागल्या तर' हे वाक्य ती दोनदा बोलली होती आणि दोन्ही वेळा ताईंनी त्याला शास्त्रानं उत्तर दिलं होतं. ख्रिस्ती शिक्षिका मैत्रीण एकदाच बोलली होती, "आमच्या चर्चमध्ये असं लग्न लागणार नाही," आणि गप्प झाली होती. तिची ती श्रद्धा सरळ आहे, तिच्याशी वाद घालण्यासारखं काहीच नाही. उरलेल्या दोघींना धर्मापेक्षा गल्लीची काळजी. पाचही जणी तोंडानं 'धर्म' म्हणत होत्या, आणि ताई पाचही जणींना एकाच वहीतून उत्तरं देत होत्या.

मग मी स्वतः उत्तरेश्वरातली मैत्रीण झाले. पदर खोचल्यासारखं करून म्हटलं, "काहीही म्हण, हे पापच हाय." ताई तडकून बोलतील असं वाटलं होतं. त्या वहीच्या कव्हरचा कोपरा नखानं खरवडत बसल्या. खाकी कागदाचं इवलंसं भोक पडलं, तरी थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिवाळीपासनं अंबाबाईला गेलो न्हाई मी."

लग्न होऊन या गावात आल्यापासून शुक्रवार चुकला नव्हता. पाच महिने नाही. महाद्वारापर्यंत जायच्या, फुलवालीशी बोलायच्या आणि परत फिरायच्या. ओटी हातात धरली की हात थरथरायचा. "मॅडम, देवीला चालत असंल का हे?"

मी समुपदेशक, पुजारी नव्हे, आणि देवीचं मत मला ठाऊक असल्याचा आव मी आणू शकत नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही पाच महिने गेलाच नाही, तर तिनं तुम्हाला सांगायचं कुठं?" ताई रडता रडता हसल्या. मंगळवारी जाऊन आल्या. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र वही उघडली, कारण काही गोष्टी पक्क्या माहीत असाव्याच लागतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढली आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 मध्ये तेच सांगितलं. ('उतरवून देतो' म्हणणाऱ्या बाबाचा नंबर भिशीच्या ग्रुपवर आलेला होता, म्हणून हे आधी.) 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं असे राजीखुशीचे संबंध गुन्ह्यातून काढले, पण 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाला मान्यता दिली नाही, तो संसदेचा विषय म्हटलं. भिशीत सगळ्यांना वाटत होतं, की कायदा झालाय आणि आता देवळातही ही लग्नं लावायला लागणार. न्यायालयात मुख्य वाद 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा होता. त्यात भटजी नाही, पाद्री नाही, मंत्र नाही; सरकारी कचेरी, साक्षीदार आणि सह्या. धर्मांचे आपापले विवाह कायदे न्यायालयानं बाजूलाच ठेवले होते. माझा अनुभव असा, की निम्मा वाद या एका खुलाशानं शांत होतो. उरलेला निम्मा होत नाही, आणि व्हायलाच पाहिजे असंही नाही.

ताईंना पडलेला प्रश्न वेगळाच, "म्हातारपणी एकमेकींचं काय?" दोघींना संयुक्त बँक खातं काढता येतं, एकमेकींना नॉमिनी लावता येतं, हे अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय, तेवढं लिहून घेतलं. मृत्युपत्रासाठी वकिलाकडे पाठवलं.

आणि एक फोन करायला लावला. मुलीची गोष्ट मुलीची, आईनं वाद जिंकायला ती टेबलावर टाकायची नाही. मुलगी म्हणाली, "टीचर मावशीला सांग. बाकीच्यांचं तू ठरव, पण आधी शिवाजी पेठेतल्या मावशीची माफी माग."

माफी मागून झाली. तिनं चहा दिला, बोलली फारसं नाही.

पुढच्या भिशीसाठी आम्ही एकच वाक्य घोटून पाठ केलं, "तुला पटत नसंल तर नको पटू दे, पण माझ्यासमोर 'घाण' म्हणायचं न्हाई." उत्तरेश्वरातल्या बाईनं विचारलं, "तुला एवढं का लागतंय?" ताई म्हणाल्या, "लागतंय खरं." आणि गप्प बसल्या. इतकं माझ्यासमोर घोटलेलं नव्हतं. त्या बाईला कळायचं ते कळलं असावं. तिनं पर्स उचलली आणि निघून गेली. पुढचे दोन महिने आलीच नाही.

परवा ताई आल्या तेव्हा वही होतीच. मुद्द्यांची अडीच पानं पिनेनं बंद केलेली, पुढं भिशीचा हिशोब. सहाही नावं तशीच. उत्तरेश्वरच्या नावापुढं दोन्ही महिन्यांचे दोन-दोन हजार जमा होते, ताईंच्या अक्षरात.

"तिला माहीत आहे का?" मी विचारलं.

"न्हाई. तिचा नंबर पुढच्या महिन्यात लागतोय. पैसं घ्यायला तरी येईलच की."