काळी दोन की पांढरी एक? : पियानोवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर आहे. रात्री तुरीत डुकरं शिरतात म्हणून जागलीला जातो आणि मचाणावर बसून मोबाईलवर काहीबाही ऐकत राहतो. त्यात बाख नावाच्या जुन्या जर्मन संगीतकाराच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एक धून अन् पुढं तिची तीस बदललेली रूपं) सापडल्या, पियानोवर ग्लेन गूल्ड नावाच्या कॅनडातल्या माणसानं वाजवलेल्या, एक १९५५ ची आणि एक १९८१ ची. माणूस तोच, चीज तीच, पण पहिलीत सुरुवातीची धून दोन मिनिटांच्या आत संपते अन् दुसरीत तीच तीन मिनिटं चालते. आमच्या भजन मंडळातले पेटीवाले बुवा म्हणतात का लिहिलेल्या संगीतात मनाचं चालत नाही, कुठंतरी रेकॉर्डिंगच बिघडलं असेल. खरं काय?

उत्तर : गुरुजी, बुवांना आधी रामराम सांगा, कारण रेकॉर्डिंग बिघडलं असेल ही त्यांची शंका एकदम फालतू नाही, मी स्वतः त्यात तोंडावर आपटलो आहे.

कॅसेटच्या जमान्यातली गोष्ट. आमच्या टेपरेकॉर्डरची वायर उंदरानं कुरतडली होती म्हणून तो नुसता सेलवर चालायचा, आणि सेल बदलायला पैसे कोण देणार, उन्हात वाळवून परत टाकायचे. माझ्याकडे एकच पियानोची कॅसेट होती, आर्थर रूबिनस्टाईन या पियानोवाल्यानं वाजवलेल्या, शोपां या संगीतकाराच्या नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या संथ चिजा. त्यातली ओपस ९ नंबर २ मी रोज ऐकायचो आणि दीड वर्ष मित्रांना सांगत फिरलो का काय ठहराव आहे बापा या माणसात, एकेक सूर कसा सोडतो! मग एक दिवस पेटी काढून सूर धरायला बसलो, तर पांढरी एक लागली. आता ही चीज ई फ्लॅटमधली, म्हणजे आपली काळी दोन, पेटीवरची दुसरी काळी पट्टी. तीन पट्ट्या खाली कशी? सेल उतरलेले होते, दुसरं काय. मोटर हळू फिरे, टेप हळू सरके, म्हणून लयही उतरली अन् सूरही उतरला. साडेचार मिनिटांची चीज मी सव्वापाच मिनिटं ऐकून राहिलो होतो आणि ज्याला ठहराव म्हणत होतो तो सेलचा होता, रूबिनस्टाईनचा नाही.

म्हणून सांगतो, बुवांना पेटी घेऊन मचाणावर न्या. गोल्डबर्गची धून ‘जी मेजर’ (G major) या पट्टीत आहे, म्हणजे पांढरी पाच. दोन्ही रेकॉर्डिंग लावा, दोन्हीत पांढरी पाचच लागेल, पियानो वेगळे आहेत (आधीचा स्टाईनवे, नंतरचा यामाहा) म्हणून केसभर इकडंतिकडं झालं तर झालं. सूर जागेवर आणि लय मात्र बदललेली, म्हणजे मशीनचा दोष नाही, ते माणसानं ठरवून केलं. टेप अन् तबकडीला ही परीक्षा पक्की. मोबाईलमध्ये मात्र सूर न हलवता स्पीड कमीजास्त करता येतो, तेवढी सेटिंग आधी पाहून घ्या.

आता मनाचं चालतं का. बाखनं हे १७४१ च्या सुमारास छापलं आणि सुरुवातीच्या धुनेवर लयीचा एक शब्द लिहिला नाही. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय धरून देणारं यंत्र, ते तर बाख गेल्यावर साठेक वर्षांनी आलं. वर ही चीज पियानोसाठी नव्हतीच, दोन कीबोर्ड असलेल्या हार्पसिकॉर्ड नावाच्या जुन्या वाद्यासाठी होती, ज्यात तार खुडली जाते आणि बोट जोरात मारा का हळू, आवाज जवळपास तेवढाच येतो. म्हणजे ही पियानोवर वाजवायची म्हटलं का कोणता सूर दाबायचा, कोणता वर काढायचा हे वाजवणाऱ्यालाच ठरवावं लागते, पानावर ते नाहीच. सूर मात्र सगळे लिहिलेले, त्यांना गूल्डनं दोन्ही वेळा धरून ठेवलं. आपल्याकडे बघा ना, तुकडोजी महाराजांचं एकच भजन मोझरीला ऐका आणि तुमच्या गावच्या मंडळात ऐका, शब्द तेच, पण खंजिरीचा ठेका कुठं धावतो, कुठं झुलतो, म्हणून कोणी म्हणते का हे भजन चुकलं?

मात्र एक घोळ करू नका. पूर्ण रेकॉर्डिंग आधीचं ३८ मिनिटांचं आणि नंतरचं ५१ मिनिटांचं आहे, ते पाहून सगळं तेवढं हळू झालं असं धरू नका. बाखनं प्रत्येक अर्धा भाग दोनदा वाजवा असं लिहिलं आहे, १९५५ मध्ये गूल्डनं ते दुसऱ्यांदा वाजवणं सगळंच गाळलं, १९८१ मध्ये काही ठिकाणी घेतलं, त्यानंही वेळ वाढला. सुरुवातीची धून मात्र दोन्हीकडे एकेकदाच आहे, तिथला फरक खराखुरा लयीचा. २२ वर्षांचा असताना प्रत्येक व्हेरिएशन सुटं सुटं उधळलं, ४८ व्या वर्षी सगळ्या तिसांना एकाच मूळ ठोक्याच्या हिशेबात बांधायला बसला, म्हणजे एकीची लय दुसरीशी दुप्पट, निम्मी असं काहीतरी नातं ठेवून. मला विचाराल तर १९८१ ची धून जरा जास्तच हळू वाटते, पण तिसाव्या व्हेरिएशननंतर तीच धून परत येते तेव्हा तिथं बसते. आणि हो, मागं कोणी गुणगुणते तो भूत नाही, गूल्डच आहे.

प्रश्न : मी मोर्शीकडची, बी.एस्सी.ला आहे. आर्टूर श्नाबेल या जुन्या पियानोवाल्यानं वाजवलेलं बेथोव्हेनचं संगीत लावलं का आई आतून विचारते, पापड तळून राहिली का? एवढी खरखर, वर चुकलेले सूर पण ऐकू येतात, तरी सगळे वाहवा करतात. साफ केलेली आवृत्ती ऐकू का?

उत्तर : आईचा कान पक्का आहे! श्नाबेलनं बेथोव्हेनचे ३२ च्या ३२ सोनाटा (पियानोच्या दोन-चार भागांच्या मोठ्या चिजा) १९३२ ते १९३५ मध्ये लंडनला रेकॉर्ड केले. तेव्हा टेप नव्हती, थेट मेणाच्या तबकडीवर, एका बाजूला चारेक मिनिटं, मध्येच बोट घसरलं तर आख्खी बाजू परत. जोडकाम टेप आल्यावर सुरू झालं, आज ऐकतो ते एकही सूर न चुकणारं वाजवणं बरेचदा पाच-सहा वेळचे तुकडे शिवून केलेलं असते. श्नाबेलचं तसं नाही, तो वेगात उडी घेतो, एखादी चुकते, पण हळू भागात तो सूर संपेपर्यंत ज्या धीरानं थांबतो ना, त्यासाठी लोक खरखर सहन करतात.

साफ केलेली ऐक, पण जपून. खरखर ही संगीतावर पडलेली धूळ आहे, दहा मिनिटांत कान तिला विसरतो. पण जास्तच घासली तर धुळीसोबत सुराची शेपटीही जाते, आणि पियानोत वाजवणाऱ्याचं निम्मं काम त्या शेपटीतच असते, कारण एकदा हातोडी तारेवर पडली का तो सूर वाढत नाही, नुसता विझत जातो, त्याला किती विझू द्यायचं एवढंच हातात. दोन आवृत्त्यांमध्ये हळू भागातला शेवटचा सूर लावून बघ, जिथं तो गपकन कापल्यासारखा वाटेल ती सोड.

प्रश्न : पियानो नीट ऐकायचा आहे, बजेट पाचशे रुपये. काय घेऊ?

उत्तर : वायरवाला इयरफोन. पियानोचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला २७.५ कंपनांचा, मोबाईलच्या छोट्या स्पीकरला तो काढताच येत नाही, त्याच्यासोबत निघणाऱ्या वरच्या सुरांवरून कान अंदाज बांधते, मग डाव्या हाताचा वजनदार भाग पोकळ वाटतो आणि आपण शिव्या वाजवणाऱ्याला देतो. आवाज सारखा करणारी, बास वाढवणारी सगळी बटणं बंद ठेवा. मग रखमानिनॉफ या रशियन पियानोवाल्यानं १९३० मध्ये वाजवलेला शोपांचा दुसरा सोनाटा लावा, त्यात अंत्ययात्रेचा भाग आहे. मधली शांत धून संपल्यावर ती यात्रा शोपांच्या कागदावर परत हलक्या आवाजात सुरू होते, पण हा माणूस तिथं एकदम मोठ्यानं उतरतो आणि मग आवाज कमी कमी करत नेतो, जशी भजनी दिंडी तिरडीसोबत आपल्या दारासमोरून जाते आणि नाल्याच्या पलीकडं गेल्यावर नुसते टाळ ऐकू येतात. बटण चालू ठेवून एकदा ऐका, बंद करून एकदा ऐका, आणि मला कळवा का दिंडी नाल्यापलीकडं गेली का दारातच उभी राहिली.