चारही रिमोट माळ्यावर टाकून होम थिएटर फक्त मोबाईलवरून, वाय-फायने चालवता येईल का? घरात वयस्कर वडील आहेत.

चालवता येतं. पण चारही रिमोट माळ्यावर टाकू नका. तुम्ही वडिलांचा उल्लेख केलात म्हणून लिहायला बसलो.

आमच्या ठाण्याच्या घरी हे सगळं दादाने बसवलं. रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य डबा, पाच स्पीकर, सबवूफर. तो पुण्याला असतो. शनिवार-रविवार येऊन काम उरकलं आणि जाताना सगळे रिमोट एका पिशवीत घालून खरंच माळ्यावर ठेवले. "बाबांना आठ दिवसांत सवय होईल," म्हणाला. बाबा 76 वर्षांचे, पार्किन्सन्समुळे उजव्या हाताला कंप. मी तेव्हाच सांगितलं होतं, की बटण बोटाला न बघता सापडतं, काचेवर काहीच सापडत नाही. दादाने ऐकलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी बाबांनी भीमसेनजींचे अभंग लावले होते. आई आत तापाने झोपली होती, म्हणून आवाज थोडा कमी करायला त्यांनी अ‍ॅपमधल्या पट्टीवर बोट ठेवलं. आमच्या रिसीव्हरवर आवाज 0 ते 98 असा चालतो, ऐकतो आम्ही 40च्या आसपास. हात थरथरला, बोट सरकलं आणि आवाज 80च्या वर गेला. दचकून फोन खाली पडला, स्क्रीन लॉक झाली, आणि त्या थरथरत्या बोटाने पॅटर्न काही जमेना. मी कामावरून येत होतो, आवाज मला खाली जिन्यातच ऐकू आला. धावत वर गेलो तर बाबा कपाटामागे वाकून प्लग शोधत होते आणि आई दाराची चौकट धरून उभी. प्लग मी ओढला. त्यानंतर दीड महिना बाबांनी त्या स्पीकरवर काही लावलं नाही. ट्रान्झिस्टर कानाशी घेऊन बसायचे.

दादा आजही म्हणतो की ती सेटिंगची चूक होती. ते अर्धंच खरं आहे. बहुतेक रिसीव्हरमध्ये कमाल आवाजाची मर्यादा आणि सुरू होतानाचा आवाज ठरवून ठेवता येतो. आमची मर्यादा आता 60 आहे, तुम्हीही हे पहिल्या दिवशीच करा. पण फोन शोधा, लॉक काढा, अ‍ॅप उघडा, ते रिसीव्हरला जोडलं जाईपर्यंत थांबा, एवढं केल्यावर आवाज कमी होणार असेल तर ते म्हाताऱ्या माणसाच्या कामाचं नाही. लाईट जाऊन आली की राउटरही दोन-तीन मिनिटं घेतो. रिमोट लगेच चालतो.

चार रिमोटांचा खरा उपाय एचडीएमआय-सीईसी आहे, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, आणि त्याला वाय-फाय लागतच नाही. रिसीव्हरच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय आउटपासून टीव्हीच्या एआरसी पोर्टपर्यंत (टीव्हीचा आवाज याच वाटेने रिसीव्हरकडे येतो) केबल टाका आणि दोन्हीकडे सीईसी चालू करा. टीव्हीच्या मेनूत ते वेगळ्या नावाने असतं: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. मग टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप सुरू होतो आणि टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमी-जास्त होतो. बाबांच्या हातात आता तो एकच रिमोट असतो. आवाज कमी करायच्या बटणावर मी एक टिकली चिकटवली आहे.

आता मोबाईल. रिसीव्हरच्या कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप घ्या. रिसीव्हर मात्र लॅन केबलनेच राउटरला जोडा. घरभर फिरतो तो फोन, त्याला वाय-फाय हवं. रिसीव्हर कुठे जातोय? नेटवर्क स्टँडबाय चालू ठेवा, नाहीतर बंद रिसीव्हर अ‍ॅपला सुरू करता येत नाही. थोडी वीज जळते, जळू दे. अ‍ॅपला रिसीव्हर सापडतच नसेल, तर फायबरवाल्याचा डबा आणि तुमचा राउटर दोघं आपापलं नेटवर्क चालवतायत का बघा. फोन एकावर आणि रिसीव्हर दुसऱ्यावर असला की भेट होत नाही. आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेला.

साध्या सेट-टॉप बॉक्ससाठी आयआर ब्लास्टर लागेल, म्हणजे फोनचा हुकूम वाय-फायवरून घेऊन रिमोटसारखे अदृश्य किरण सोडणारी छोटी डबी. तो बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतो आणि लाकडी दारामागच्या बॉक्सपर्यंत त्याचा सिग्नल पोचत नाही. शिवाय तो एकतर्फी. टीव्ही आधीच चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. दादाने 'सगळं चालू' असं एक बटण अ‍ॅपमध्ये करून दिलं होतं. टीव्ही आधीच चालू असला की त्याच बटणाने तो बंद व्हायचा, आणि आईला वाटायचं तिचंच काहीतरी चुकलं.

घरात सगळे धडधाकट असतील तर मोबाईल उत्तम, हेही सांगतो. गाणी निवडणं, प्रत्येक स्पीकरचा आवाज जुळवणं मी फोनवरूनच करतो. आणि काही जुन्या टीव्हींवर सीईसी नीट चालत नाही, तेव्हा आधी करून बघा.

दादा दिवाळीत येतोय. रिमोटची पिशवी मी माळ्यावरून काढून टीव्हीखालच्या खणात ठेवली आहे. सगळे सेलही बदललेत.