सॉफ्टवेअर म्हणतं 82 टक्के, पोरगी म्हणते मीच लिहिलंय

प्रश्न: नमस्कार सर, मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, कॉमर्स शिकवते, हे चौथं वर्ष. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) एका मुलीने गावातल्या बचत गटावर प्रोजेक्ट केलाय. तो एका फुकटच्या एआय डिटेक्टरमध्ये टाकून बघितला तर 82 टक्के एआयने लिहिलंय असं आलं. विचारलं तर रडायलाच लागली, म्हणते मॅडम मी मराठीत लिहिलं आणि गुगल ट्रान्सलेटने इंग्रजी केलं. एचओडी म्हणतात यूजीसीचा दहा टक्क्यांचा नियम आहे, सरळ शून्य टाका. वर्गात 74 पोरं आहेत आणि माझी ऑर्डर दरवर्षी नवी निघते, वाद घालायची हिंमत होत नाही. काय करू?

उत्तर: मॅडम, शून्य टाकू नका. आणि एचओडींशी वाद घालायचीही गरज नाही, त्यांना 2018चं यूजीसीचं रेग्युलेशनच दाखवा. दहा टक्के आहेत ते सिमिलॅरिटीचे, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर किती जुळतो त्याचे, एआयचे नाहीत. 2018 साली चॅटजीपीटी होतं कुठे, ते आलं नोव्हेंबर 2022ला! आणि गंमत म्हणजे तो नियम थीसिस, डिसर्टेशन, रिसर्च पेपर असल्या गोष्टींसाठी आहे, असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट त्याच्या व्याख्येतूनच वगळलेत. हे बऱ्याच सिनियर लोकांनी वाचलेलं नसतं, आपण कशाला बोला.

आता ते 82. हा आकडा म्हणजे अंदाज आहे, पुरावा नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या खुद्द ओपनएआयने 2023च्या जानेवारीत स्वतःचा डिटेक्टर काढला होता, तो एआयने लिहिलेल्यातलं जेमतेम 26 टक्के ओळखायचा आणि माणसाने लिहिलेल्यातलं 9 टक्के एआयच्या नावावर टाकायचा, शेवटी जुलैमध्ये त्यांनीच तो गुंडाळला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध सात डिटेक्टरमधून काढले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. कारण साधं आहे, शब्द मोजके आणि वाक्यं सरळसोट असली की मशीनला ते मशीनचं वाटतं. आपली मराठी मीडियमची पोरं इंग्रजी लिहितात ते तसंच असतं. तुमच्या मुलीचं तर ट्रान्सलेट मशीननेच केलंय, मग मशीनचा वास येणारच की! ट्रान्सलेट वापरलं हे तिने प्रोजेक्टमध्ये लिहायला हवं होतं, ते तिला सांगा, पण त्यासाठी शून्य नाही.

मग खरं खोटं कळणार कसं? तोंडी विचारा. गटात बायका किती, हप्ता कितीचा, बँकेत पैसे भरायला कोण जातं, कर्ज थकलं तर काय करतात. जी पोरगी त्या बायकांच्यात जाऊन बसली असेल ती थांबणारच नाही, आणि जिने चॅटजीपीटीकडून करून घेतलं असेल ती महिला सक्षमीकरणावर भाषण देईल. मराठीतला कच्चा खर्डा, प्रश्नावलीचे भरलेले कागद, गुगल डॉक्समध्ये टाइप केलं असेल तर त्याची व्हर्जन हिस्टरी (कधी काय लिहिलं, बदललं त्याची नोंद), हेही बघा.

पण ही व्हायवा सगळ्यांचीच घ्या. फक्त डिटेक्टरने पकडलेल्यांची घेतलीत तर निवड पुन्हा त्या सॉफ्टवेअरनेच केली ना. 74 पोरं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे 370 मिनिटं, 48 मिनिटांच्या साधारण आठ तासिका. इथे मात्र मला तुमची काळजी वाटते. सीएचबीवाल्यांना पैसे वर्गात उभं राहण्याचे मिळतात, तपासण्याचे, फोन घेण्याचे, रडणाऱ्या पोरीला पाणी देण्याचे नाही. तेव्हा या आठ तासिका टाइमटेबलमध्ये टाकून द्या असा साधा अर्ज करा, ऑफिसचा इनवर्ड (आवक) नंबर घ्या. नाही दिल्या तर प्रोजेक्ट घरी नेऊन रात्री जागू नका, दोन-दोन पोरांना एकत्र बोलवा आणि असलेल्या लेक्चरमध्येच बसवा.

आणि कच्चे कागद उद्याच मागवून घ्या, सबमिशन झालं की पोरं ते रद्दीत घालतात.