दहावीच्या भूगोलात मुलांना गोडी वाटावी म्हणून अभ्यासक्रमात नेमकं काय बदलावं?

धड्यांचा क्रम उलटा करा: आधी आपला तालुका, मग देश, मग ब्राझील. 2018 पासूनचं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना करतं. कल्पना चांगली आहे, पण ज्या पोराने स्वतःच्या गावचा ओढा कुठल्या नदीला मिळतो हे शोधलेलं नाही, त्याला ॲमेझॉनचं खोरं म्हणजे नुसतं पाठांतर. मी भूगोलच शिकवतो, म्हणून अनुभवाने सांगतो. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडोशाला पाऊस कमी का पडतो ते, दोन तास फळ्यावर समजावली तरी डोळे पेंगतात. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून जेमतेम 32 किलोमीटरवरच्या वाईत हजारसुद्धा नाही, हे सांगितलं की "असं का?" हा प्रश्न मुलंच विचारतात. तिथून धडा आपोआप पुढे सरकतो.

अभ्यासक्रमात मी एवढं सक्तीचं करेन:
- जून ते सप्टेंबर शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला नोंद
- आपल्या भागाचा 1:50,000 चा स्थलनिर्देशक नकाशा (डोंगर, ओढे, वाटा दाखवणारा) वाचून तीच वाट पायी चालणं
- आठवडी बाजारातला माल कुठून आला, त्याचा नकाशा (पोरं यात सगळ्यात रमतात)

अडचण एकच. लेखी पेपर 40 गुणांचा, आणि त्यात या नोंदींवर प्रश्न आले नाहीत तर दिवाळीनंतर कुणी वही उघडणार नाही, मास्तरसुद्धा नाहीत. क्षेत्रभेट पुस्तकात पहिलाच धडा आहे, तरी बऱ्याच शाळांत ती बाकावर बसूनच उरकते.