आधी घरच्यांवर शिक्के मारणं थांबव
मानसशास्त्र घेतलंस ना, मग विकृतींचं प्रकरण उघडलं की घरातला प्रत्येक जण त्यात दिसणार. मी तर आईला ओसीडी, म्हणजे नको ते विचार सतत येण्याची आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करण्याची विकृती, आहे असं ठरवून मोकळी झाले होते. का, तर ती गॅसचं बटण दोनदा बघायची! अगं, डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेतले निकष नीट वाच. त्या विचार-कृतींत रोज तासाहून जास्त वेळ जातो किंवा त्यापायी कामधंदा, नाती विस्कटतात, तेव्हा निदानाचा विचार. तोही तज्ज्ञाने करायचा.

त्यापेक्षा सामाजिक वर्तनापासून सुरुवात कर. रिक्षावाला नाही म्हणाला की 'माजलाय'. आपण नाही म्हटलं की 'घाई होती'. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं, आपल्या वागण्याचं मात्र परिस्थितीत. जोन्स आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेला कर्ता-निरीक्षक भेद तो हाच. पेपरात व्याख्येखाली असलंच घरचं उदाहरण लिही.