जॉन डीकनने क्वीन का सोडलं: भांडण वगैरे काही नव्हतं

तुम्ही विचारलंय की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा बेसिस्ट (बेस गिटार वाजवणारा) जॉन डीकन १९९७ नंतर एकदम दिसेनासा का झाला, बाकीच्यांशी वाजलं का, आणि तसंही बेसवाला बदलला तर ऐकणाऱ्याला काय कळणारे. तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः खूप वर्षं बेस वाजवतोय आणि या माणसाकडून जेवढं शिकलो तेवढं दुसऱ्या कुणाकडून नाही.

आधी शेवटच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर बेस जवळजवळ नाहीच ऐकू येणार, कारण बेसच्या सगळ्यात जाड खुल्या तारेचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो आणि तेवढ्या छोट्या स्पीकरमधून तो निघूच शकत नाही. चांगले हेडफोन लावा. तबल्यातला डग्गा बंद केला तर ठेका मोजता येतो पण अंगात भिनत नाही ना, तसं होतं बेस काढला की. त्यात क्वीनमध्ये दुसरा गिटारवाला नव्हता. रेकॉर्डवर गिटारिस्ट ब्रायन मे एकावर एक गिटारचे थर चढवायचा, पण स्टेजवर तो सोलोला गेला आणि गायक फ्रेडी मर्क्युरी पियानो सोडून माइक घेऊन फिरायला लागला की खाली उरायचे फक्त रॉजर टेलरचे ड्रम्स आणि डीकन. म्हणजे अख्खी हार्मनी एकट्या माणसाच्या चार तारांवर. तरी कधी पोकळ वाटलं नाही.

आता माणूस. जन्म १९५१, लेस्टरचा, वाढला जवळच्या ओडबीत. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. शाळेच्या वयातच द ऑपोझिशन नावाच्या बँडमध्ये होता, आधी ऱ्हिदम गिटार वाजवायचा, मग बेसकडे वळला. पुढे लंडनला चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आला आणि पहिल्या वर्गात पास झाला. क्वीनकडे तोवर तीन बेसिस्ट येऊन गेले होते, कुणी टिकत नव्हता. १९७१ मध्ये हा आला, वयाने सगळ्यात लहान आणि अतिशय शांत, आणि तेच बाकी तिघांना हवं होतं कारण ते तिघंही मोठ्या आवाजाचे. पहिल्या अल्बमवर तर याचं नाव उलटं करून डीकन जॉन असं छापलंय.

इलेक्ट्रॉनिक्स नुसतं डिग्रीपुरतं नव्हतं बरं का. कचऱ्यात टाकलेला एक सर्किट बोर्ड उचलून त्याने बॅटरीवर चालणारा छोटासा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) बनवला, त्याला सगळे डीकी अँप म्हणतात. ब्रायनने स्टुडिओत त्यातून आपली गिटार वाजवून व्हायोलिन, ट्रंपेट, क्लॅरिनेटसारखे आवाज काढले. १९७५ च्या 'अ नाइट अॅट द ऑपेरा' मधलं 'गुड कंपनी' ऐका, जॅझ बँड वाटतो तो सगळा गिटारचा आवाज आहे.

त्याच अल्बमवर 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' आहे, बायकोसाठी लिहिलेलं. फ्रेडीला इलेक्ट्रिक पियानो आवडायचा नाही, तो म्हणाला मी नाही वाजवणार, तर डीकन तो घरी घेऊन गेला, शिकला आणि स्वतःच रेकॉर्डवर वाजवला. १९८० च्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट' चं तर काय सांगू, त्याला शीक या बँडचं डिस्को-फंक आवडायचं, त्यातून ती बेसलाइन आली, बेसशिवाय ऱ्हिदम गिटारही त्याचीच आहे, आणि मायकल जॅक्सनने हे सिंगल म्हणून काढाच असा आग्रह धरला. अमेरिकेत तीन आठवडे एक नंबरला होतं. बेस शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हीच लाइन आधी देतो, कारण सूर अगदी थोडे आहेत आणि सगळी गंमत मधल्या थांबण्यात आहे, हात थांबवायला शिकणं हे वाजवण्यापेक्षा अवघड असतं. 'आय वाँट टू ब्रेक फ्री' पण त्याचंच, लोकांना फ्रेडीचं वाटतं.

आणि इथेच मला तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दिसतं. चौघांपैकी डीकन एकटाच असा होता जो गात नव्हता. ब्रायन आणि रॉजर आपापली गाणी स्वतः गाऊ शकायचे आणि गायलेही आहेत. डीकनचं गाणं मात्र जगापर्यंत पोचायचं ते फक्त फ्रेडीच्या गळ्यातून. आपल्या पाचगणीच्या शाळेत हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा तो मुलगा, म्हणजे फ्रेडी, नंतर लंडनमध्ये या अबोल माणसाचा आवाज झाला, असं मला अगदी मनापासून वाटतं. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला तेव्हा बाकी दोघांचा मित्र आणि गायक गेला, डीकनचा मात्र त्यासोबत गाणी लिहिण्याचा मार्गच बंद झाला.

तरी तो लगेच निघून गेला नाही हे लक्षात घ्या. एप्रिल १९९२ च्या वेम्बलीच्या श्रद्धांजली कॉन्सर्टला वाजवलं, फ्रेडीने गाऊन ठेवलेल्या ट्रॅक्सवरून १९९५ चा 'मेड इन हेवन' पूर्ण करायला साथ दिली, जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला नृत्यदिग्दर्शक बेजारच्या बॅलेच्या वेळी गायक एल्टन जॉनसोबत स्टेजवर उभा राहिला, आणि त्याच वर्षी ब्रायन-रॉजरबरोबर एक शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं. मग थांबला. फ्रेडीची जागा दुसरा कुणी भरू शकत नाही हे त्याने उघड सांगितलं होतं आणि तो त्यावर ठाम राहिला, २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये क्वीनचा सन्मान झाला त्या समारंभालाही गेला नाही. सहा मुलांचा बाप, लंडनमध्ये राहतो, मुलाखती देत नाही. पैशांचे व्यवहार बँडमध्ये पहिल्यापासून तोच नीट बघायचा, आणि आजही मोठ्या आर्थिक निर्णयांना त्याची संमती घेतली जाते असं बाकी दोघांनी सांगितलंय. भांडण असतं तर हे झालं नसतं.

पॉल रॉजर्स किंवा अॅडम लॅम्बर्ट या नंतरच्या गायकांबरोबरचे क्वीनचे शो वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, आता बेस वाजवणारा नील फेअरक्लोही फार चांगला आहे, पण तो डीकनने लिहिलेलंच वाजवतोय. काहींना वाटतं डीकनने बँडला वाऱ्यावर सोडलं. मला ते पटत नाही, ज्या माणसाने वीस वर्षं दिली त्याला घरी बसायचा हक्क आहे.

ऐकायचं असेल तर १९७६ चं 'द मिलियनेअर वॉल्ट्झ' घ्या, सुरुवातीला जवळजवळ फक्त पियानो आणि बेस आहे, बेस अक्षरशः गातो. आणि बघायचं असेल तर नोव्हेंबर १९८१ चा माँट्रियलचा कॉन्सर्ट बघा, त्यात बेस स्वच्छ ऐकू येतो आणि त्याची बोटं दिसतात.