खडीची धूळ, नदीची वाळू आणि वीटभट्टीची माती : गिरणाकाठच्या प्रश्नांना उत्तर

एरंडोल, भडगावकडून या पंधरवड्यात तीन प्रश्न आले. खडी क्रशरच्या धुळीने कपाशी पिवळी पडते. नदीतली वाळू उपसली तशी विहीर खाली गेली. वीटभट्टीवाला वरची माती मागतो, द्यावी का?

शेवटचं आधी सांगतो. देऊ नका. एकरावरची एक फूट माती म्हणजे सुमारे ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तुमचं शेणखत, गांडुळं, सेंद्रिय कर्ब सगळं त्याच थरात असतं. खाली मुरूम नाहीतर चुनखड. मागच्या खरिपात एका दादांच्या बांधावर उभा होतो. निम्म्या शेताची माती विकलेली, निम्म्याची राखलेली, वाण एकच. इकडे कपाशी कमरेला, तिकडे गुडघ्याला. तिकडचं झाड उपटलं, तर सोटमूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं! दादा काही बोलले नाहीत, मलाही सुचलं नाही.

ज्यांची माती गेली त्यांनी उन्हाळ्यात तलावाचा गाळ पसरावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची चौकशी करा. एकरी एक इंच थराला ३६ ब्रास गाळ लागतो. पाऊस पडला की एकरी २० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा आणि फुलोऱ्याआधी, साधारण ४५ दिवसांनी, जमिनीत गाडा. एका वर्षात जमीन पूर्ववत होणार नाही, तीन-चार वर्षं हे चालू ठेवा.

धुळीचं. पानाची रंध्रं बुजतात, फवारलेलं औषधही धुळीवरच राहतं. म्हणून आधी सकाळी साध्या पाण्याने पानं धुवा, सुकली की मग फवारा. पण पिवळेपणा धुळीचाच असं धरून चालू नका. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट फवारा. धूळ अडवायला क्रशरकडच्या बाजूला रावेर-यावलचे केळीवाले लावतात तशी शेवरी किंवा गजराज गवत, दोन दाट ओळी लावा.

वाळू नदीत पाणी धरून ठेवते, तेच झिरपून विहिरीला येतं. विनापरवाना उपशाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. दर महिन्याला विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजून वहीत लिहा, आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज देताना ती वही जोडा. पोच घ्यायला विसरू नका.

माती परीक्षणासाठी क्रशरजवळचा आणि लांबचा असे दोन वेगळे नमुने आणा, प्रत्येकी अर्धा किलो.